बेबीआपाचा पालथा मोबाईल

बेबीआपा ऑनलाइन क्लास घेते तेव्हा मोबाईल टेबलावर पालथा घालून ठेवते.

पालथ्या मोबाईलवर कसला क्लास, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. अकरा बायका आपापल्या घरी शिलाई मशीनवर बसल्यात, पडद्यावर त्यांचे अकरा चौकोन मांडलेत, आणि ही बाई ती सगळी तोंडं उपडी करून, डोळे मिटून, उजवा कान पुढं काढून बसलेली. एकेकीला नंबरानं हाक मारायची, दोन मिनिटं मशीन चालवायला लावायची आणि निकाल द्यायचा. "चार नंबर, धागा सैल हाय तुझा. बॉबीन बघ." की मुरगूडहून चार नंबरवाली रडवेल्या आवाजात, "व्हय की ओ आपा, खाली सगळा गुंता झालाय!"

"बघितलं न्हाईस, मग कळलं कसं गं?" मी विचारलं.

"बघून काय कळतंय, वैनी? माणूस खोटं बोलतंय. मशीन न्हाय बोलत."

हे तिचं पालुपद. आमच्या गल्लीत राहून ज्यानं हे ऐकलं नाही तो नवा भाडेकरू समजावा.

आपा माझी समोरची. मधली गल्ली एवढीशी, की तिच्या घरात फोडणी पडली तर माझ्या घरात शिंक येते. तीस-पस्तीस वर्षं तिनं पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवला. आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेल्या, पण तिला ना कुणाचं नाव आठवत, ना तोंड. एकदा लग्नात एक चांगली भारीतली साडी नेसलेली बाई वाकून तिच्या पाया पडली. आपा नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "कुठल्या मशीनवर हुतीस?" "तीन नंबर, आपा." "आं! उलटं पायडल मारणारी! मग आधी सांगायचं की!" ती बाई एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती. शेजारी तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावले.

मी चौथी शिकलेली. लिहायला बसले म्हणजे बोलायलाच बसले, त्यामुळं थोडं इकडंतिकडं होईल. सांभाळून घ्या.

तर, लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला आणि पुन्हा भरलाच नाही. आपाचे गुडघेही गेलेले. बायकाच म्हणाल्या, आपा, मोबाईलवर शिकवा. आपानं होकार दिला, आणि माझ्या मागं साडेसाती लागली. कारण कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय ही बाई घ्यायची नाही. सुई घेताना दहा सुया कानाजवळ टिचकी मारून बघणारी ती. आता तर आख्खा क्लास मोबाईलमधून न्यायचा होता.

पहिलं काम, बेतायचं-कापायचं दाखवताना मोबाईल कुठं ठेवायचा. माझी सून वैशाली शाळेत शिक्षिका आहे. तिनं आपला दिव्याचा गोल लावलेला स्टँड नेऊन दिला. आपानं तो दुसऱ्या दिवशी परत आणला. "न्हाय बा. तोंडावर दिवाळी करतंय आणि कापड अंधारात." मग तिनं स्वतःची युक्ती काढली. अस्तराच्या कापडाची पिशवी शिवली, कॅमेऱ्यापुरतं काज केलं, आणि परकराच्या नाडीनं मोबाईल छताच्या पंख्याला टांगला. खाली कापड अगदी झकास दिसायला लागलं. आठ दिवस लाईट गेलेलीच होती दुपारची. नवव्या दिवशी लाईट ऐन क्लासात आली आणि पंखा सुरू झाला. अकरा बायकांनी आपाचं घर गरागरा बघितलं. छत, फडताळ, आपा, छत, फडताळ, आपा. गारगोटीची एक बाई तर मशीन सोडून आडवी झाली. आपा खालून दोन्ही हात वर करून ओरडतेय, "कुणी उठू नका! पंखा बंद करतो मी!" आता त्या बायका काय उठून येणार होत्या तिच्या घरात?

पण खरी पारख ॲपची. त्यांची नावं तिनं आपली आपण ठेवली.

पहिल्याचं नाव "पावणं". ते तासाच्या आत उठून जायचं. अर्धी बाही जोडली, की क्लास गुल. "च्या प्यायला बी थांबत न्हाय," आपा म्हणायची. दुसरा "फौजदार". नाव सांगा, आडनाव सांगा, जन्मतारीख सांगा, तोंड दाखवा. आपानं त्याला दारातूनच घालवला. वैशाली म्हणाली, "आपा, कॅमेरा सुरू असला तर शिस्त राहते." आपा म्हणाली, "एखादीला न्हाय दाखवायचं तोंड. घरात सासू असती, दीर असतोय. शिवायला तोंड कशाला लागतंय?" म्हणून तिच्या क्लासात नावाच्या जागी नंबर घालायचा. जी जशी आली तसा तिचा नंबर, आणि कॅमेरा जिच्या तिच्या मर्जीवर. तिसरा "पैलवान". एवढा जड, की मोबाईल तव्यासारखा तापायचा. "खेड्यातला फोन ह्याच्याखाली चेंगरून मरंल," आपानं निकाल दिला.

चौथं ॲप वैशालीनं शोधलं. मध्येच उठून जात नव्हतं, फार चौकशा करत नव्हतं, हलकं होतं. सगळ्या बायका खूश. फक्त एक भानगड झाली. बोलणं लख्ख ऐकू यायचं आणि मशीन सुरू केलं की सगळं चिडीचूप. वैशालीनं समजावलं, "आपा, हे ॲप हुशार आहे. मागचा नको असलेला आवाज आपोआप झाडून काढतं. मशीनची घरघर त्याला केर वाटते."

आपानं त्या मोबाईलकडं असं बघितलं, जसं एखाद्यानं तिच्या दारात थुंकावं.

"केर? आगं, त्या आवाजावर माझं पोट भरलं. आणि हे दीडशहाणं त्याला केर म्हणतंय?"

झालं, त्याचं नाव "शहाणं". पण आता बायकाही हट्टाला पेटल्या. तोवर चालवून घेतलेल्या पावण्याला त्या वैतागल्या होत्या. सहा नंबरवाली तर तोंडावर बोलली, "आपा, आठ दिवसांत ह्या नव्यावर या, न्हाईतर आम्ही दुसरा क्लास बघतो." सहा नंबरचा तसाही आपावर राग होता. आपानं तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. पायडलवाल्या मशीनला खालच्या चाकावरून वरच्या चाकावर चामड्याचा पट्टा जातो ना, तो जिथं तारेनं जोडलेला असतो तो जोड चाकावर आला की टक् वाजतं. "टक् टक् टक् टक्! घड्याळ पाळलंयस व्हय गं? उद्याच्याला नवा पट्टा घाल!"

झापणं सगळ्यांना मिळायचं. माझी दुपारची झोप त्या आवाजावरच लागायची. एक नंबर, टीप वाकडी. दोन नंबर, सुई बोथट. सात नंबर, जेवली न्हाईस का? फक्त नऊ नंबरला कधी बोलणं नसे. "नऊ नंबर," आपा म्हणायची, आणि मग खिडकीतून आपाचं काहीच ऐकू यायचं नाही. दोनाची चार मिनिटं व्हायची. मग हळूच, "हं." आणि मग दहा नंबर. मी एकदा म्हटलं, "नऊ नंबर तुझी लाडकी दिसते." म्हणाली, "हात चांगला हाय तिचा," आणि विषय कापला.

त्या आठ दिवसांत मी काय काय भोगलं ते मलाच माहीत. शहाण्याला वाकवायचं कसं, ह्याच्या रोज चाचण्या. मी माझ्या घरी मशीन चालवायचं, तिनं तिच्या घरी मोबाईलला कान लावायचा. पहिल्याच दिवशी ती आनंदानं ओरडली, "आलं! झकास आलं!" आम्ही दोघींनी चहा केला, साखर वाटायची तेवढी बाकी होती. मग वैशाली शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, तुमच्या दोघींच्या खिडक्या उघड्या आहेत."

मग आपाचा हुकूम सुटला, लांबून बघायचं. मी म्हटलं, गारगोटीला माझी बहीण आहे, तिच्याकडून करते.

"गारगोटी न्हाय. गडहिंग्लज."

"का गं? तिथं माझी लांबची चुलतबहीण, बोलणंसुद्धा नाही आमचं धड."

"मग ह्या निमित्तानं बोला की! गडहिंग्लजची रेंज बघायचीय मला."

काय सांगू, गेले. एस.टी.नं गेले, तिच्या मशीनवर बसले, फोन लावला, पायडल मारलं. आवाज गेला नाही तो नाहीच. आणि वर आपा फोनवर मला विचारते, "हवा कशी हाय तिकडची? गारठा हाय काय? पाणी रोज येतंय का नळाला?" मी म्हटलं, "आपा, मी मशीन चालवायला आलेय, घर बघायला नाही." तर फोनच ठेवून दिला.

येताना बसमध्ये मला नसीमची आठवण झाली. नसीम तिची सून, वैशालीच्या लग्नातले ब्लाऊज तिच्याच हातचे. आपाचा एकुलता एक सलीम मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा नसीमच्या लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. सासू-सुनेनं समोरासमोर मशीनं टाकून ते वर्ष काढलं. दोघी बोलायच्या नाहीत, नुसती मशीनं चालायची, कधी हिचं, कधी तिचं. मग आपानंच तिच्यासाठी स्थळ बघितलं. लोक म्हणाले, पोटच्या पोराचं घर हातानं मोडतीस? आपा म्हणाली, "चोवीस वर्षांची पोर हाय. माझ्या म्हातारपणाला काठी म्हणून ठिवू व्हय तिला?" लग्न लावून दिलं, गडहिंग्लजलाच. टेम्पोत तिचं मशीनही चढवलं. ते आपाचं स्वतःचं, पहिलं मशीन. टेम्पो हलताना तिला म्हणाली, "आता मागं बघायचं न्हाय. एक सासर पुरं." त्यानंतर फोनसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, नुसती खुशाली तर विचार. "नव्या घरात जुन्या सासूचा फोन बरा दिसत न्हाय, वैनी." तेव्हापासून ते नाव आमच्यात निघत नसे. बसमध्येही मी एवढंच मनात म्हटलं, बरं झालं, बाजारात भेटली नाही. काय बोलले असते?

आठव्या दिवशी वैशालीला मार्ग सापडला. त्या ॲपमध्ये आत खोल एक बटण होतं. ते दाबलं की आवाज आहे तसा जातो, केरकचऱ्यासकट. मात्र ते जिचं तिनं आपल्या मोबाईलवर दाबायचं, इथून होणार नाही.

त्या दुपारी आम्ही दोघी आपाच्या खोलीत होतो. शहाण्यावरचा पहिला क्लास. वैशालीनं बटण कुठं आहे ते सांगितलं. मग आपानं सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. "वर उजव्या हाताला तीन टिंबं हायती. ती दाबायची. घाई न्हाय. सासूबाई बोलावत असल्या तर जाऊन यायचं, मग दाबायचं." मी वैशालीकडं बघितलं. एवढ्या मायेनं बोलताना आपाला आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

मोबाईल पालथा झाला. एक नंबर आलं. दोन, तीन. सहा नंबर नव्या पट्ट्यावर सुरसुर करत आलं. आपानं आठपर्यंत सगळ्यांना मनसोक्त झापलं.

"नऊ नंबर."

काही नाही.

"नऊ नंबर?"

काहीच नाही. आपाच्या गळ्यात इंचटेप असते कायम. तिचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. वैशाली हळूच म्हणाली, "त्यांना जमलं नसेल. नंबर द्या, मी बाहेर जाऊन फोन करून सांगते."

"फोन करायचा न्हाय."

"अहो, पण—"

"न्हाय म्हटलं न्हवं!" मग जरा खाली येऊन, "जमंल तिला. हुशार हाय."

टेप गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. दहा नंबरवाली पलीकडून म्हणाली, "आपा, मी चालवू का?" आपानं मोबाईल उचलून सुलटा केला. दहा चौकोनांत दहा तोंडं, आणि एक चौकोन काळा. त्यात नुसता नऊचा आकडा. आपा त्या काळ्या चौकोनाकडं बघत राहिली. मग तिनं मोबाईल पुन्हा पालथा ठेवला, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

आणि तेवढ्यात आलं.

आधी घरघर. मग, टक्. जरा थांबून, टक्. मग चाकानं वेग घेतला, टक् टक् टक्.

मी तो आवाज ओळखला. कसा नाही ओळखणार? समोरच्या खिडकीतून वर्षानुवर्षं ऐकलाय मी तो. टेम्पोत चढला तेव्हापासून गल्ली दुपारची मुकी झाली होती, हे मला त्या क्षणी कळलं. आणि दुसरं हेही कळलं, की माझ्या वैशालीच्या लग्नातले सगळे ब्लाऊज जिनं शिवले, ती बाई सरळ टीप घालायला शिकत होती. रोज दुपारी. कॅमेरा बंद करून.

आपाचे डोळे मिटलेले. बोटावरची टेप आपोआप सैल झाली. वैशालीला काही कळलं नव्हतं, ती बिचारी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आपा, पट्ट्याचा जोड वाजतोय ना ह्यांच्या? सांगा की बदलायला."

चार मिनिटं झाली असतील. पाचही झाली असतील. मग मशीन थांबलं, आणि आपा मोबाईलच्या पाठीजवळ तोंड नेऊन म्हणाली, "नऊ नंबर, पट्टा झकास हाय तुझा. बदलू नको."

पलीकडून मशीन तेवढं पुन्हा सुरू झालं.