‘घंटाघराची बारावी पायरी’ या पुस्तकावरून जाहलेल्या युद्धाची हकीकत

ज्याने शब्दमात्रे आकाश व पृथ्वी उत्पन्न केली, आणि इतके करूनही ज्याचे शब्दावर लोक अभिप्राय देतच राहिले, त्या प्रभूचे चरणी मस्तक ठेवून ही हकीकत आरंभिली. शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सर, इसवी सन एकोणीसशे पंचाहत्तर, पुनरुत्थानाचा सण होऊन तीन आठवडे लोटले असता एके राज्यी थोर युद्ध पेटले. राज्याची हद्द ख्रिस्ती देवळाचे मागील वाचनालयाचे खोलीपुरती, गड म्हणावे तर दोन कपाटे, आणि प्रजा म्हणजे वाचकवर्ग. तेथे तीमथ्यराव कारभारी बहुत दक्ष. त्यांनी चाल घातली की, प्रत्येक पुस्तकाचे शेवटी कोरा कागद चिकटवावा आणि वाचणाऱ्याने अभिप्राय लिहिल्याविना पुस्तक परत घेऊ नये. हेतू चांगला, परंतु प्रजा महाचतुर. ती अभिप्राय आधी वाची आणि पुस्तक सवडीने वाची, सवड न जाहल्यास तेही न वाची.

ऐसियात ‘घंटाघराची बारावी पायरी’ ही ख्रिस्ती रहस्यकादंबरी राज्यात दाखल जाहली. प्रत एकच. तीत देवळाची घंटा वाजविणारा एक मनुष्य बहिणीशी भांडून घर सोडितो, आणि मग त्याचे पाठी मारेकरी लागतो, आणि जेथे जेथे सुरा उगारला जाई तेथे तेथे घंटावाला गुडघे टेकून तीन तीन पाने प्रार्थना करी. यावरून प्रजेत फूट पडली. चित्रकलेचे निवृत्त मास्तर थिओफिलस रणदिवे एके पक्षाचे सरदार जाहले. ते भर खोलीत गर्जले, “अहो, सुरा गळ्याशी आलाय नि हा पठ्ठ्या स्तोत्र म्हणतोय! तोवर मारेकरी काय चहा प्यायला जातो?” दुसरे पक्षी दुर्कसबाई भांबळ, महिला मंडळाच्या अध्यक्षा, उभ्या राहून वदल्या, “मारेकरी थांबला, हाच तर चमत्कार, मास्तर! तुमच्यासाठी कोण थांबतं सांगा?” मग मास्तरांनी अभिप्राय लिहिला, आणि बाईंनी अभिप्रायावर अभिप्राय लिहिला, आणि मास्तरांचे जावयाने त्यावर शेरा मारिला, आणि कागद संपला तो कागदास कागद जोडिला, आणि सहा महिन्यांत अभिप्राय कादंबरीहून जाड होऊन पुस्तकाची पाठ मोडली.

या रणधुमाळीत एक बाई निराळ्याच चिंतेत होत्या. युनिसबाई ओहोळ, शिवणवर्गाच्या माजी बाई. यांचा धाकटा भाऊ सिलास वीस वर्षांपूर्वी आईचे हार्मोनियमवरून भांडून निघून गेला होता, त्याचे पत्र नुकतेच आले होते. पत्रात एकच ओळ, “ताई, येऊ का?” बाईंस उत्तर सुचेना. राग होता आणि मायाही होती, आणि दोहोंत कोण वरचढ हे त्यांस स्वतःस ठाऊक नव्हते. कादंबरीत भाऊबहिणीचे भांडण आहे ऐसे कानी आले तेव्हा त्या कारभाऱ्यांस म्हणाल्या, “त्या पुस्तकातली बहीण काय करते ते बघते नि मग लिहिते त्याला.” कारभारी म्हणाले, “बाई, तुमचा नंबर एकतिसावा.” बाई म्हणाल्या, “वीस वर्षं थांबलाय, अजून थोडा थांबेल.” बोलल्या खऱ्या, परंतु रोज पोस्टमन दिसला की जीव घाबरा होई.

पाठ मोडलेले पुस्तक तीमथ्यरावांनी बांधणीवाले अमीनमियांकडे पाठविले आणि ताकीद दिली, “अभिप्रायाचे एक पानही गळता कामा नये, नाहीतर इथे डोकी फुटतील.” पुस्तक बांधून आले. त्याउपरि अकरा जणांनी ते नेले आणि आणिले. एकाने लिहिले, शेवट अप्रतिम. दुसऱ्याने लिहिले, शेवट फार ताणला आहे. तिसऱ्याने लिहिले, शेवट वाचताना डोळे भरून आले.

मग युनिसबाईंची पाळी आली. त्यांनी प्रत्येक प्रार्थनेसकट पुस्तक वाचिले, आणि दोनशे आठव्या पानी “इतक्यात दारावर” इतके होऊन पुढे एकदम रणदिवे मास्तरांचे हस्ताक्षर सुरू जाहले. बाई चकित जाहल्या. रविवारी उपासना होताच दोन्ही सरदारांस गाठून पुसिले, “शेवटी भाऊ येतो का हो घरी?” मास्तर म्हणाले, “कुठला येतो? पुलाखाली प्रेत सापडतं.” दुर्कसबाई म्हणाल्या, “छे! मिशनरी होऊन परदेशी जातो.” मग दोघेही एकमेकांकडे पाहू लागले, कारण त्या अकरा जणांपैकीच काय, सहा महिन्यांत एकानेही शेवट उघडून पाहिला नव्हता.

बाई तडक अमीनमियांचे दुकानी गेल्या. मियां हसून म्हणाले, “बाई, एवढं सगळं जिल्दीत मावेना. हातानं लिहिलेलं काढू नका म्हणाले, म्हणून छापलेली शेवटची पानं खळ लावून पुठ्ठ्यात घातली. आम्ही वाया काही घालवत नाही.” बाईंनी घरी येऊन इडलीपात्राचे वाफेवर पुठ्ठा धरिला आणि हलके हाताने पाने सोडविली. शेवटचे पानी होते की, दारावर थाप पडली, बहिणीने “कोण?” म्हणून पुसिले, बाहेरून “मीच” ऐसे उत्तर आले, आणि बहिणीने कडीस हात घातला आणि... पुढील अक्षरे खळीने खाल्ली होती.

बाई पान हाती घेऊन बहुत वेळ बसल्या आणि रडल्या. मग उठून सिलासास पत्र लिहिले, आणि मग अभिप्रायाचे कागदावर सर्वांचे खाली लिहिले, “मी दार उघडले. यु. ओहोळ.”

हे वाचून दोन्ही पक्ष प्रथमच एक जाहले, आणि बाईंनी शेवट फोडून सर्वांचा रसभंग केला म्हणून कारभाऱ्यांकडे तक्रार गुदरली. तीमथ्यरावांनी बाईंस जाब देण्यास बोलाविले. परंतु त्या दिवशी बाई आल्या नाहीत, कारण त्यांचे दारी एक पिकल्या केसांचा मनुष्य आईचे तेच हार्मोनियम उराशी धरून उभा होता आणि म्हणत होता, “ताई, कडी अजून अडकतेच का गं?”

तात्पर्य इतकेच की, युद्धाचा निकाल अद्याप लागला नाही. कागद जोडणे चालू आहे. पुस्तक एकीनेच वाचिले. आम्ही ऐकिले तैसे लिहिले. पुस्तक आम्हीही वाचिलेले नाही.