मगरोजीरावांस हार घालण्याची बखर

श्री. ज्याणें हरणास पाय दिले आणि वाघास दांत दिले आणि भूक मात्र दोघांस सारखीच दिली, त्या जगदीश्वरास साष्टांग दंडवत करोन, आणि कीर्तनीं टाळी देणाऱ्या समस्त श्रोतेजनांस नमन करोन ही हकीकत लिहिली आहे. शके सोळाशें ऐंशीं, बहुधान्यनाम संवत्सरीं, एका नदीकांठच्या राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं घाटाखालीं मोठा डोह, आणि डोहांत मगर फार जुनी, आणि पाणी भरणारीं माणसें बेसावध, म्हणोन साल उलटत नाहीं तों एखादें वासरूं, एखादा मनुष्य डोहांत जावयाचा. महाराज दयाळू, त्यांणीं आज्ञा केली कीं, "रयतेस मगरीचा स्वभाव शिकवावा." मग शास्त्रीमंडळींनीं घाटावर व्याख्यान मांडिलें आणि जलचरांचे भेद व पोटभेद सांगितले, आणि लोक बसल्या जागीं घोरूं लागले, आणि एक गृहस्थ पेंगतां पेंगतां पायऱ्यांवरोन थेट डोहांतच गेले, त्यांस शेंडी धरोन बाहेर काढिलें.

तेव्हां दरबारीं चिमणबुवा हरदास म्हणोन होते. गळा गोड, मनीं देव, आणि हातीं कुंचला. त्यांचा परिपाठ ऐसा कीं पूर्वरंगीं नामाचा गजर करावा, आणि मग आख्यान लावावें तों एकेक रंगविलेलें चित्र समईच्या उजेडीं उचलोन धरावें, आणि हंसवावें, आणि लोक हंसत असतां जें सांगावयाचें तें सांगोन टाकावें. महाराजांनीं हें काम त्यांस सोंपविलें. बुवांनीं मगरोजीराव नामें मगर रंगविली, कपाळीं गंध आणि पोट सुटलेलें. आणि एक शेळी रंगविली, मोठी नखरेल, ती पाण्यांत आपलें रूप पाहावयास वांकते. आणि शेवटल्या चित्रीं शेळी नाहीं, मगरोजीरावांची ढेंकर तेवढी आहे. लोक पोट धरधरून हंसले आणि दुसरे दिवशींपासोन घागर बुडवावयाच्या आधीं डोह न्याहाळूं लागले, आणि बायका एकमेकींस म्हणूं लागल्या, "अगो, शेळीसारखी वांकूं नको!"

परंतु महाराजांची कन्या छबीसाहेब, वय लहान, आईवेगळी पोर, त्या शेळीकरितां रडल्या आणि जेवल्या नाहींत. तेव्हां कारभारी रंगोपंत बुवांस बोलिले, "राजकन्येच्या डोळ्यांस पाणी आणिलेंत? शेळी परत आली पाहिजे." बुवा म्हणाले, "पंत, पोटांत गेलेली शेळी परत कैसी यावी?" पंत म्हणाले, "गेली त्याच वाटेनें. तोंड उघडा म्हणजे जाहलें." बुवांच्या मनीं आलें, लेकरूं उपाशी आहे. म्हणोन नवें चित्र काढिलें, त्यांत मगरोजीरावांनीं जांभई दिली आणि शेळी अंग झाडीत बाहेर आली आणि उभयतांनीं मांडीस मांडी लावोन शिरापुरी खाल्ली. छबीसाहेब टाळ्या पिटोन हंसल्या, आणि महाराजांनीं शाल दिली, आणि पंतांनीं चित्रावर सरकारी शिक्का मारिला. घरीं बुवांची बायको सगुणाबाई म्हणाली, "शाल छान आहे हो. पण मगरीनें हें आख्यान ऐकलें आहे का?" बुवा हंसले आणि शाल पांघरोन निजले.

मग काय सांगावें! चित्राच्या नकला गांवोगांव गेल्या आणि मगरोजीराव घरोघरचे लाडके जाहले आणि लोक घाटावर शिऱ्याच्या वाट्या ठेवूं लागले. ऊन चढलें कीं मगर वाळूंत जबडा उघडोन पडते, अंग तापलें म्हणोन, हा तिचा देहधर्म, तर लोक म्हणत, "पहा पहा, रावसाहेब हंसताहेत!" एके दिवशीं एका गवळ्याची कालवड डोहांत गेली आणि गवळी ऊर बडवीत दरबारीं आला. रंगोपंत म्हणाले, "रडतोस काय? पाहुणचारास नेली असेल. जांभई येईपर्यंत थांब." तो भोळा जीव डोहाकांठीं हातांत दावें घेऊन बसोन राहिला. हें बुवांनीं डोळ्यांनीं पाहिलें आणि त्यांस अन्न गोड लागेना.

इतक्यांत छबीसाहेबांनीं हट्ट घेतला कीं, "रामनवमीस मगरोजीरावांस आम्ही आपल्या हातें हार घालूं." महाराजांनीं हौसेनें रुकार दिला आणि घाटावर मंडप पडला आणि सनईवाले आले. बुवा धांवत रंगोपंतांकडे गेले आणि बोलिले, "पंत, तें जनावर आहे! पोर जिवानिशीं जाईल!" पंत म्हणाले, "हळू बोला. चित्र खोटें म्हणजे शिक्का खोटा, आणि शिक्का खोटा म्हणजे सरकार खोटें. सरकारास खोटें म्हणतां?" बुवा म्हणाले, "मी माझ्या चित्रास खोटें म्हणतों." पंत म्हणाले, "तें आतां तुमचें राहिलें कोठें?" मग बुवा महाराजांच्या पायांवर पडोन रडले, तों महाराज म्हणाले, "बुवा, वेड आपणच लाविलें आणि आतां पोरीचा विरस करतां? जा, अंमळ विश्रांती घ्या."

घरीं येऊन बुवा देवापुढें बसले आणि म्हणाले, "नारायणा, आतां तूंच सांभाळ." सगुणाबाई म्हणाली, "देवास कशास मध्यें घालतां? देवानें मगर नीटच केली होती. बिघडविली तुम्हीं." बुवा म्हणाले, "पण खरें सांगितलें तर कोणी ऐकत नाहीं गे." ती म्हणाली, "रडोन कोण ऐकतो? तुम्हांस हंसवितां येतें ना? मग तेंच करा कीं!" तेव्हां बुवांनीं डोळे पुसले आणि रंग कालविले.

रामनवमीस मध्यान्हीं जन्माचा पाळणा जाहला आणि सुंठवडा वांटला आणि सारा दरबार घाटावर आला. पलीकडे वाळूंत मगर जबडा वासोन पडलेली. छबीसाहेब हातीं मोगऱ्याचा हार घेऊन पायऱ्या उतरावयास निघाल्या, तों बुवांनीं चिपळ्या वाजविल्या आणि आख्यानाचें पहिलें चरण धरिलें. आतां त्या राज्याची रीत ऐसी कीं हरदास उभा राहिला कीं आरती होईपर्यंत राजानेंही जागचें हलावयाचें नाहीं. सबब छबीसाहेब हारासकट बसल्या आणि दरबारही बसला. बुवांनीं पहिलें चित्र उचललें, त्यांत हाच घाट आणि हाच मंडप. दुसऱ्या चित्रीं कोणी थोर गृहस्थ हार घेऊन लचकत चालले आहेत, पाठमोरे, धोतराचा सोगा पाण्यांत. लोक हंसों लागले. तिसऱ्या चित्रीं नुसता जबडा. आणि चौथ्या चित्रीं गृहस्थ नाहींत, हार नाहीं, शांत डोह, आणि त्यावर एक पगडी तरंगते आहे. लोकांत ऐसा हंशा पिकला कीं सनईवाल्याचा दम सुटला.

रंगोपंत खेंकसले, "ही पगडी कोणाची?" बुवा नम्रपणें म्हणाले, "पंत, रंग भरावयाचा राहिला आहे. आज जो छबीसाहेबांपुढें चालेल त्याच्या पगडीचा भरूं." तेव्हां सभेंत एकेकाचा हात आपापल्या पगडीकडे गेला. महाराज म्हणाले, "रंगोपंत, शिक्का आपला आहे. आपण पुढें व्हा." पंत म्हणाले, "महाराज, कालपासोन गुडघा धरला आहे." महाराज म्हणाले, "सरनौबत?" ते म्हणाले, "सेवकाची तलवार कोरड्या जमिनीवरची, सरकार." महाराज मनीं समजले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

परंतु छबीसाहेब उठोन बुवांजवळ आल्या आणि चित्रावर बोट ठेवोन म्हणाल्या, "बुवा, मगरोजीराव जांभई देतील ना? पगडीवाले काका बाहेर येतील ना?" शिरापुरीचें सोपें उत्तर बुवांच्या जिभेवर आलें आणि तें त्यांणीं गिळलें. मग खालीं बसोन म्हणाले, "नाहीं, बाईसाहेब. मगर खाते तें खाते. तिला दुसरें येत नाहीं. पगडी तेवढी तरंगते, ती तिला पचत नाहीं." छबीसाहेब म्हणाल्या, "मग शेळी?" बुवा म्हणाले, "गेली, बाईसाहेब." त्या रडल्या, आणि रडतां रडतां दृष्टि रंगोपंतांकडे गेली, तों पंत दोन्ही हातांनीं पगडी धरोन वरची पायरी शोधीत होते, तें पाहोन छबीसाहेबांस हंसूं आलें आणि रडें व हंसें एकच जाहलें. महाराजांनीं पोरीस उचलोन छातीशीं घट्ट धरिलें, आणि हार तिच्या हातांतोन निसटोन डोहांत पडला. पलीकडे वाळू रिकामी दिसली. क्षणमात्रांत हाराखालोन पाणी फाटलें, आणि जबडा मिटल्याचा आवाज उभ्या घाटानें ऐकिला. मग आरतीस थांबावयाची रीत कोणास आठवली नाहीं.

येणेंप्रमाणें हकीकत जाहली. पुढें घाटास बाभळीचें मजबूत कुंपण पडलें, आणि छबीसाहेब वरच्या पायरीवर बसोन तासच्या तास मगर पाहत आणि म्हणत, "बुवा, खरीसुद्धां किती छान आहे हो!" रंगोपंतांचा गुडघा बरा जाहला. इति.