दाभाडे काकांचा शटडाऊन

दर डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या आरशाला लाल पाटी लटकते : 'मशीन दुरुस्तीत आहे. चालू करू नये.' चालू करणार कोण? खुद्द दाभाडे काकांनासुद्धा ती सुरू करताना बोनेटवर हात ठेवून खंडोबाचं नाव घ्यावं लागतं.

काका चाकणच्या एका कंपनीतून रिटायर झाले. तिथं वर्षाअखेरीला मशिनी बंद ठेवून साफसफाई चालायची, त्याला म्हणायचे शटडाऊन. काका घरी आले ते शटडाऊन सोबत घेऊनच. आता मशीन एकच, ही मरून रंगाची म्हातारी. संक्रांतीपर्यंत ती झोपणार. पण झोपायच्या आधी तिचं पाणी, म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट, बदलायलाच हवं.

"काका, चिंचवडची थंडी ती केवढी! अंगात स्वेटर आणि डोक्यावर पंखा. इथं पाणी गोठवायला फ्रीज लागतो."

"कूलंट काय नुसतं थंडीसाठी असतंय व्हय? गंजासाठी असतंय. उभ्या मशीनला गंज लवकर धरतो. माणसालाबी."

हे शेवटचं वाक्य मी गच्चीवर त्यांच्याच आवाजात म्हणतो तेव्हा काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसतात. गावच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मी मार खाल्लाय, पण सवय काही गेली नाही.

इंजिन गार झाल्याशिवाय काका रेडिएटरच्या झाकणाला कुणाला शिवू देत नाहीत. मग खालची तोटी उघडून जुनं कूलंट डब्यात. "थेंब सांडू नगं! गोड लागतंय ते, कुत्रं चाटून मरंल." म्हणून कुत्री हाकलायची ड्युटी माझी. मग आतून धुणं, मग नवं कूलंट. रबरी पाइप तर डोळे मिटून दाबतात, वैद्यानं नाडी बघावी तसे.

"काय म्हणते नाडी?"

"पेशंट बरा हाय. इचारणारा येडा हाय."

आणि एक नियम : रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायची न्हाई. रिलिव्हर म्हणजे महाळुंग्याचे पवारमामा. नोकरीभर काकांच्या नंतरची शिफ्ट त्यांची, काकांना मशीनवरून सोडवायला तेच यायचे. दर शटडाऊनला स्कूटरवरून यायचे, बोनेटवर थाप मारायचे, "काय रं दाभाड्या, काय म्हणतंय मशीन?" काका रिपोर्ट द्यायचे. मामा म्हणायचे, "जा तू घरी, मी हाय." मग दोघं मिळून चहा प्यायचे आणि मामाही घरी जायचे.

दिवाळीच्या तोंडावर मामा गेले.

यंदा काम दुपारीच उरकलं. काका हात पुसून स्टुलावर बसले. काकू वरून जेवायला हाका मारत होत्या. "आलो, आलो," पण उठायचं नाव नाही. नजर गेटवर.

मी म्हटलं, "चला की काका. झालं सगळं."

"मशीन अशीच सोडून?"

काकांनी उगाच एक पाइप पुन्हा दाबला.

"तू पवारची नक्कल करतो म्हणं."

"कधीतरी... गमतीत."

"कर."

मी घसा खाकरला. बोनेटवर थाप मारली. "काय रं दाभाड्या, काय म्हणतंय मशीन?"

काका ताडकन उभे राहिले. "पाणी भरलंय. पाइपातली हवा काढलीय. खालचा पाइप जरा मऊ लागतोय, ध्यान ठेव." मग हळूच, "गुडघा कसा हाय तुझा?"

हे पाठांतरात नव्हतं.

"बरा हाय आता," मी मामांच्या आवाजात म्हणालो. "जा तू घरी, मी हाय."

काका मान हलवून जिना चढून गेले. मी स्टुलावर बसलो. आता मला सोडवायला कोण येणार, हे विचारायचं राहूनच गेलं.