कौसल्याबाईंच्या जपानीची दुरुस्ती

कोणत्याही भाषेचा नीट अभ्यास करायचा असेल, तर ती बोलणाऱ्यांपासून सुरक्षित अंतर राखावे लागते. नागपूरच्या सदर नावाच्या भागातील आमच्या 'जपानी भाषेतिहास व बोलीभेद अध्ययन केंद्रा'ने हे अंतर अकरा वर्षे निष्ठेने राखले आहे. मी केंद्राचा सचिव. हजार वर्षांत जपानी भाषा कशी बदलली, यावर आम्ही सतरा चर्चासत्रे घेतली. (जेवणाच्या सुटीपर्यंत आठशे वर्षे उरकतात; उरलेली दोनशे आभारप्रदर्शनात जातात.)

गेल्या वर्षी केंद्राने नामशेष होत चाललेल्या जपानी बोलींचा शोध हाती घेतला, आणि नंदनवन वस्तीतल्या कौसल्याबाई स्वतःहून केंद्रात आल्या. तिथेच घोळ झाला. नामशेष होणारी बोली दाराशी चपला काढून आत येईल, अशी तरतूद नियमांत नव्हती.

बाईंनी चौतीस वर्षे वस्तीतल्या विहारात एका जपानी भन्तेंचा स्वयंपाक केला होता. भन्ते डोंगरातल्या ज्या खेड्याचे, तिथे आता कोणी राहत नाही. वरण-भात वाढता वाढता बाई त्यांची बोली शिकल्या. दोन वर्षांपूर्वी भन्ते वारले.

"ते गेले तईपासून या बोलीत बोलाले कोणीच नाही राह्यलं जी," बाई म्हणाल्या. "तुमच्यातलं कोणी दोन शब्द बोलन, म्हून आली."

केंद्रात जपानी बोलणारे कोणी नव्हते (बोलणे प्रकल्पाच्या कक्षेबाहेर आहे). तरी संचालक डॉ. दुर्गेश पराते यांनी बाईंना विन्मुख पाठवले नाही. त्यांचे बोलणे पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिले. त्रेचाळीस चुका निघाल्या.

"बाई, असं जपानीत कोणी बोलत नाही."

"म्हूनच तं आली ना जी."

या उत्तरावर समितीच्या दोन बैठका झाल्या. अशुद्ध नमुना ध्वनिमुद्रित करता येत नाही. सबब आधी बाईंची जपानी शुद्ध करावी, मग ध्वनिमुद्रित करावी, असे एकमताने ठरले. नऊ महिने बाई रोज दोन बस बदलून आल्या आणि पहिल्या बाकावर बसून संगणकावरचे धडे गिरवत राहिल्या. कोणीतरी बोलेल, या आशेवर. परीक्षेत अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले. त्रेचाळीसपैकी एक चूक औषधालाही उरली नाही. अहवालात नोंद झाली: 'सदर बोली नागपुरात आढळत नाही.'

आता बाई शुद्ध जपानीत स्टेशनचा रस्ता विचारू शकतात आणि पोहणे हा आपला छंद असल्याचे सांगू शकतात. मग त्या प्रमाणपत्र न्यायला आल्या.

"परवा भन्ते सपनात आले," त्या म्हणाल्या. "काही मागून राह्यले होते. मले समजलंच नाही, बाप्पा."

मला फार वाईट वाटले. तसे मी इतिवृत्तात नमूद केले.

हे कार्य घरोघरी नेण्यासाठी केंद्र मानद प्रतिनिधी नेमत आहे. जपानी येण्याची अट नाही. चार पाहुण्यांसमोर आपल्या आईचा शब्द दुरुस्त केल्याचा अनुभव पुरेसा आहे. वाचकांनी अर्ज पाठवू नयेत. आपली निवड झालेली आहे.