महारुद्रअप्पांनी वाटलेली ॲडमिनकी

"पाच मिनिटाचं काम हाय!" महारुद्रअप्पांनी जाहीर केलं, आणि खरं तर तिथेच सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

आष्टीच्या दूध संघात अप्पा कार्यालय अधीक्षक. नोकरी एकतीस वर्षांची, आत्मविश्वास त्याहून जुना. मागे त्यांनी असाच पाच मिनिटांत पंखा दुरुस्त केला होता. तेव्हापासून त्या खोलीत पंखा बंद करायचा तर दिवाही मालवावा लागतो. पण माणूस इतका मायाळू, की त्यांना कुणी काही बोलत नाही. अंधारात बसतात बिचारे!

त्या दिवशी मात्र प्रकरण पंख्याचं नव्हतं. शेजारच्या तालुक्यात लाळ्या-खुरकूत आलं होतं. संघाच्या चौदाशे बारा गाईम्हशींना लस टोचायची होती. बर्फाच्या पेट्या सकाळीच आल्या होत्या, आणि बर्फ टिकणार होता संध्याकाळपर्यंत. अंगणात डॉक्टर अमरसिंह तीन गाड्या घेऊन तयार उभे होते. फक्त यादी हवी होती. कुठल्या गावात, कुणाच्या गोठ्यात, कुठलं जनावर लसीचं बाकी आहे, याची. ती यादी संघाच्या डेटाबेसमधून अप्पांच्या एक्सेलमध्ये आपोआप यायची. अप्पांनी फाइल उघडायची आणि छापायची, बस!

त्या यादीत अप्पांच्या घरची चांदणीही होती. दोन वर्षांपूर्वीच्या साथीत तिचं वासरू गेलं, तेव्हा अप्पांच्या बायकोने, जगदेवीबाईंनी, तीन दिवस चूल पेटवली नव्हती. आज सकाळी डबा हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "लस आल्याबिगर तुमी घरी येऊ नगा." अप्पांनी मान डोलावली होती. 

तर अप्पांनी फाइल उघडली. पडद्यावर यादी आली नाही. आली एक ओळ: 'आपणास ही माहिती पाहण्याची परवानगी नाही.'

नेमके त्याच वेळी चेअरमन बद्रीनाथसाहेब मागे येऊन उभे राहिले. ते गाड्यांपुढे नारळ फोडायला आले होते.

"कुणाला न्हाई परवानगी?"

"मला, साहेब."

"पर वाचतूय तर मी! म्हंजी मलाच की!"

"तसं न्हाई साहेब, संगणक म्हणतोय..."

"त्या संगणकाला इथं कुणी बसवलं?"

"तुमीच साहेब. नारळ फोडून."

"अन् आता मलाच परवानगी न्हाई!" साहेबांचा चेहरा लग्नाच्या पत्रिकेत नाव राहून गेल्यासारखा झाला.

अप्पांनी घाईघाईने रुचिकाला फोन लावला. रुचिका संघाची संगणक बघणारी मुलगी, धारूरची. बहिणीच्या, शिवांजलीच्या, लग्नाला रजेवर गेली होती. फोनमागून सनईचा आवाज येत होता.

"अप्पा, चूक माझी हाय," ती पहिल्याच वाक्यात म्हणाली. "लसीची यादी नवी चढवली, अन् तुमच्या एक्सेलला ती वाचायची परवानगी द्यायची राहिली. हळदीतून उठले की लगेच देते. तवर तुमी एकच करा."

"काय?"

"काहीच करू नका! कपाटात ॲडमिनच्या पासवर्डचं पाकीट हाय, ते तर बिलकूल उघडू नका. ॲडमिन म्हंजी सगळ्या यादीत खोडाखोड करायची मुभा. तुमाला नुसतं वाचायचंय."

अप्पांनी हे इमानदारीने साहेबांना सांगितलं. साहेब भडकले.

"नुसतं वाचायचं? आमी काय साळंत बसलोय का?"

आता अप्पांची अडचण समजून घ्या. त्यांच्या लेखी परवानगी ही मानाची गोष्ट. पाहुण्याला अर्धा कप चहा देत नाहीत, तसं चेअरमनला अर्धी परवानगी कशी द्यायची? शिवाय बर्फ वितळत होता. अप्पांनी कपाट उघडलं, पाकीट फोडलं, पासवर्ड टाकून आत शिरले. समोर संघातल्या सगळ्यांच्या नावांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे 'ॲडमिन' अशी एक रिकामी चौकट. अप्पांनी साहेबांच्या नावापुढे खूण केली. बरं वाटलं. मग स्वतःपुढेही केली. अजून बरं वाटलं!

फाइल उघडली. यादी आली! अंगणात टाळ्या पडल्या.

"बघा! पाच मिनिटं!" अप्पा म्हणाले.

ते छापायचं बटण दाबणार, तेवढ्यात व्हाइस चेअरमन केसरबाई आत आल्या. "चेअरमनला ॲडमिन केलं म्हणं? अन् मला कावून न्हाई?"

दिलं. मग संचालक शहादेव आले. त्यांनाही दिलं. शहादेवांना दिलं म्हटल्यावर रामप्रसाद रुसले, त्यांना घरी फोन करून दिलं. अकरा वाजेपर्यंत संघात नऊ ॲडमिन झाले! नववा टँकरवाला बजरंग. तो नुसता चहा प्यायला थांबला होता, पण समोर उभ्या माणसाला सोडून बाकीच्यांना वाटणं अप्पांच्या स्वभावात बसेना.

आता प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर आपापलं गाव उघडलं, आणि प्रत्येकाच्या कपाळाला आठी पडली. चेअरमनसाहेबांच्या गावापुढे लिहिलं होतं: बाकी, दोनशे बारा.

"बाकी?" साहेब पुटपुटले. "चेअरमनचं गाव, अन् बाकी?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि ॲडमिन असल्यामुळे हळूच 'बाकी'चं 'पूर्ण' करून टाकलं.

केसरबाईंनी खिडकीशी जाऊन तेच केलं. शहादेवांनी दाराआड केलं. रामप्रसादांनी घरून केलं. बाकीच्यांनीही केलं. बजरंगाला स्वतःचं गाव सापडेना, म्हणून त्याने सासुरवाडीचं केलं! संघाची गावं आठच, ती सगळी अशी 'पूर्ण' झाली. पुढारी माणसाच्या गावाला यादीत बाकी राहणं शोभत नाही, एवढीच प्रत्येकाची भावना. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

अप्पांनी ताजी यादी छापायला घेतली. कोरा कागद बाहेर आला. वर मथळा, 'बाकी जनावरे', आणि खाली पांढरंशुभ्र!

डॉक्टर अमरसिंहांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "अप्पा, इथं तर सगळ्यांची लस झालेली दिसतेय."

"कधी झाली?"

"ते मी तुमाला इचारतोय! कागदावर जनावर न्हाई, तर मी सुई कुणाला टोचू? यादी न्हाई, तर बाराला पेट्या बीडला परत न्यायच्यात. तिकडं लई मागणी हाय." डॉक्टरांनी ड्रायव्हरला गाडी फिरवायची खूण केली.

 साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. केसरबाईंनी पदर सावरला. नऊच्या नऊ ॲडमिन, आणि कोरा कागद दुरुस्त कसा करायचा हे एकालाही ठाऊक नाही! अप्पांच्या डोळ्यांसमोर चांदणी आली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी जगदेवीबाई. त्यांनी पुन्हा धारूरला फोन लावला.

"पोरी, मी पाकीट उघडलं," ते म्हणाले.

रुचिकाने सनईपासून दूर जाऊन फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "किती जणांना वाटलं, अप्पा?"

"नवांना."

"बजरंगलाबी?"

"...हो."

ती चिडली नाही. हीच गोष्ट अप्पांना जन्मभर पुरणार आहे. हळदीने माखलेल्या हातांनी तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात, भात उपसणाऱ्या बायकांच्या मधे बसून कामाला लागली. आधी तिने नवांची ॲडमिनकी काढली. मग पासवर्ड बदलला. मग काल रात्री आपोआप निघालेली यादीची प्रत परत चढवली. आणि शेवटी एका ओळीत अप्पांच्या एक्सेलला परवानगी दिली: ही एक यादी, आणि फक्त वाचायची.

"आता उघडा," ती म्हणाली.

अप्पांनी उघडली. चौदाशे बारा जनावरं धडाधड पडद्यावर आली! अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर बारा वाजायला सात मिनिटं असताना गाडीतून उतरले.

पण मथळ्यात 'बाकी' होतंच, आणि साहेबांची आठी परत आली. "हे छापून माझ्या गावात न्यायचं न्हाई!"

"रुचिका, आता?" अप्पा कुजबुजले.

"तुमच्या एक्सेलमधला मथळा तुमी बदला की. आतल्या यादीला त्यानं धक्का लागत न्हाई. त्याला ॲडमिन लागत न्हाई, अप्पा, डोकं लागतंय."

अप्पांनी डोकं लावलं. 'बाकी जनावरे' खोडलं आणि टाइप केलं: 'लसीचे आजचे मानकरी'.

साहेबांनी वाचलं. चेहरा उजळला. "माझ्या गावात मानकरी किती?"

"दोनशे बारा."

"अन् केसरबाईच्या?"

"एकशे नव्वद."

साहेबांनी तिथल्या तिथे नारळ फोडला, आणि गाड्या सुटल्या!

अप्पांना वाटलं, आता निवांत रुचिकाला फोन करावा आणि मनापासून आभार मानावेत. पोरीने लाज राखली, जनावरं राखली. पण फोन उचलला तर साहेबांचाच आला, गावातून. "अप्पा, मानकरी म्हंजी नावं पुकारायला पायजेत! इथं चावडीवर भोंगा लावलाय, फोन त्याच्याम्होरं धरतो. तुला वाचायची परवानगी मिळालीया ना? मंग वाच!"

अप्पांनी वाचलं. दोनशे बारा मालक, दोनशे बारा गाईम्हशी. ते संपतंय तोवर केसरबाईंचा फोन. त्यांच्या गावात कावून न्हाई? मग शहादेवांचा. मग रामप्रसादांचा. अप्पा सूर्य कलेपर्यंत वाचत होते.

संध्याकाळी घरी आले तर चांदणी गोठ्यात रवंथ करत उभी. मानेवर औषधाचा ओला डाग. जगदेवीबाईंनी काही न विचारता हळद घातलेलं दूध पुढे ठेवलं. अप्पांचा घसा पार बसला होता. तरी त्यांनी फोन लावलाच.

"हॅलो? कोण?" रुचिका म्हणाली. अप्पांनी जीव तोडून 'आभारी हाय' म्हटलं. तिकडे ऐकू गेलं ते नुसतं खरखर. "आई, कुणीतरी खाकरतंय नुसतं!" म्हणत तिने फोन ठेवला.

मग अप्पांनी चष्मा लावला आणि एका बोटाने, अर्धा तास खपून, आयुष्यातला सगळ्यात लांब मेसेज लिहिला. तुझे उपकार विसरणार नाही, चांदणीला लस झाली, तुझ्यासारखी लेक सगळ्यांना मिळो, शिवांजलीला आशीर्वाद, वगैरे वगैरे.

उत्तर लगेच आलं. "अप्पा, एवढं गोड लिहिलंय, म्हंजी परत ॲडमिन पायजे का?"