अ‍ॅप, एक नग

मुरबाडच्या हातपंप देखभाल कक्षात एक ई-मेल उघडायला तीन वेळा क्लिक करावं लागतं, ही गंभीर बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली. ब्राउझरमधून ई-मेल पाहण्यात शासनाचा वेळ वाया जातो, सबब यापुढे त्यासाठी डेस्कटॉपवर बसवलेलं खास अ‍ॅपच वापरावं, म्हणजे एका क्लिकमध्ये काम होईल, असा आदेश निघाला. आदेश अर्थातच ई-मेलने आला. लिपिक अनंता इसामे याने तो तीन क्लिक करून वाचला.

अ‍ॅप बसलं. त्याचं निळं चित्र पडद्याच्या डाव्या बाजूला उमटलं आणि त्याच्या डोक्यावर न वाचलेल्या मेलांचा लाल आकडा आला, त्रेसष्ट. अनंता क्लिक करणार, एवढ्यात कक्षप्रमुख वत्सला देसले मॅडमनी त्याला थांबवलं.

"इसामे, ही वस्तू नवीन आली ना? जडवस्तू नोंदवहीत चढवलीत?"

कक्षाची शिस्तच तशी होती. आलेली प्रत्येक वस्तू नोंदवहीत चढायची, आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक पडेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. पंखा, माठ, माठावरचं झाकण, झाडू, सगळ्यांच्या अंगावर क्रमांक होते. मांजर तेवढं सुटलं होतं, तेही स्थिर उभं राहत नाही म्हणून.

अनंताने लिहिलं : अ‍ॅप, एक नग, रंग निळा, स्थिती चांगली. क्रमांक पडला एकशे सतरा.

"पण मॅडम, नंबर रंगवू कुठं? ते काचेच्या आत हाय."

"वस्तू आत आहे की बाहेर, असा रकाना नोंदवहीत नाही. आणि अंक दोन इंची काढा. तपासणीवाल्यांना दारातून दिसले पाहिजेत."

अनंताचा हात मुळात चांगला. त्याने मन लावून काचेवर ठसठशीत ११७ काढला. त्याखाली अ‍ॅपचं चित्र गेलं, लाल आकडाही गेला. रंग वाळल्यावर त्याने अंदाजाने क्लिक केलं, तर अ‍ॅप उघडलं. पण मेलांची यादी नेमकी डाव्या बाजूला, रंगाखाली. त्याने माऊसने ती उजवीकडे ओढायला घेतली.

"क्रमांक एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे?" मॅडम म्हणाल्या. "स्थलांतराची मंजुरी घेतलीत?"

मंजुरी मागितली. ती मेलने येणार होती. बहुधा आलीही असेल.

तीन आठवड्यांनी सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून हिरी मेंगाळ आली. वाडीचा हातपंप मोडला होता. बाया तासभर उतरून ओढ्यावर जात होत्या, आणि ओढाही आता आठवड्याचाच सोबती होता. मागे ती कागदी अर्ज घेऊन आली, तेव्हा अर्ज मेलनेच चालतो असं सांगून अनंतानेच तिला परत पाठवलं होतं. मग तिने धसईच्या कॉम्प्युटरवाल्याकडून मेल धाडला होता.

"भाऊ, माजा अर्ज आला का रं?"

"आला असंल गो. रंगाखाली हाय."

"मंग मी तोंडानं सांगतंय. पंप मोडलाय. ऐकलास ना?"

"ऐकलं. पन ऐकल्याची नोंद कुठं करू?"

हे बोलताना अनंताला स्वतःचीच लाज वाटली. त्याच्या गावी, वैशाखऱ्याला, त्याची आई रोज पंपावर भांडून पाणी भरायची. निदान भांडायला पंप तरी होता.

हिरीने पडदा निरखून पाहिला. "म्हंजे माजं नाव त्या रंगामागं हाय?" असं म्हणत तिने पुढे वाकून अंगठ्याचं नख लावलं. जन्मभर गवत उपटलेलं नख ते, त्याच्यापुढे सरकारी ऑइलपेंट किती टिकणार? सातच्या शेपटीचा कपचा उडाला आणि खाली 'हिरी मेंगाळ, हातपंप' एवढं स्वच्छ दिसलं.

मॅडम चहाला गेल्या होत्या. अनंताने दाराकडे पाहिलं, मनात देवाचं नाव घेतलं आणि त्या भोकातून क्लिक केलं. त्याच दुपारी बुधू मेस्त्रीला दुरुस्तीचा आदेश गेला आणि तिसऱ्या दिवशी वाडीच्या पंपाला पाणी आलं. हिरीने येणाऱ्याच्या हाती द्रोणभर करवंदं पाठवली. अनंताने ती पटापट खाल्ली, मॅडमनी विचारण्याआधी.

भोक मात्र मॅडमना दिसलंच. आता आपण निलंबित होणार म्हणून अनंताने टेबलाचा खण आवरायला घेतला. मॅडम रागावल्या नाहीत. बाई मनाने वाईट नव्हत्या, फक्त शिस्तीच्या होत्या.

"इसामे, हे नवीन आलेलं दिसतं. चढवलंत?"

अनंताने चढवलं : भोक, एक नग, स्थिती चांगली. क्रमांक एकशे अठरा. आणि नियमाप्रमाणे तो भोकावर रंगवला.

तपासणी उत्तम झाली. दोन्ही क्रमांक दारातून दिसले, प्रलंबित मेल एकही दिसला नाही. कक्षाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते भिंतीवर लागण्याआधी त्याच्या काचेवर एकशे एकोणीस पडला.

रंगाखाली अजून बासष्ट अर्ज आहेत. नंतरचे कोणी मोजले नाहीत. अर्जदार घरी निवांत आहेत. मेल गेला, आपलं कर्तव्य संपलं. तुम्हीही मागे पाठवला होतात ना एक, गटाराचा की खांबावरच्या दिव्याचा? मग इथे गोष्ट वाचत काय बसलात? नखं वाढवा आणि निघा.