ग्लेनिसची शाल आणि बोटीचं नाक

या रविवारी माझी बोट ताशी शंभर मैल गाठणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती! हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, रिमोटची. पण लिंकनशायरमधल्या आमच्या तळ्यावरची बदकं तिला पाहूनच काठ धरतात.

शंभराचं निमित्त होतं, खरी गोष्ट बायकोची होती. ग्लेनिस खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तळ्यावर आली होती. आजवर ती येईल तेव्हा बोट उलटायची. "मीच पनवती," असं हसत म्हणता म्हणता तिने यायचंच सोडलं होतं. ते खूळ मला आज तिच्या डोक्यातून काढायचं होतं.

तयारी चोख! बॅटऱ्या उबदार असल्या की जोर धरतात, म्हणून त्या चहाची किटली गरम ठेवायच्या लोकरी टोपीखाली ठेवलेल्या. शिशाच्या चार पट्ट्या खिशात. त्या अगदी शेवटी बोटीच्या नाकात चिकटवायच्या. नाक हलकं राहिलं की खालून वारा शिरतो आणि बोटीचं विमान होतं!

तेवढ्यात वारा सुटला. ग्लेनिसच्या गुडघ्यांवरची शाल उडायला लागली.

"थंडी वाजतेय का गं?"

"मला काही होत नाही. तू तुझ्या लाडकीकडे बघ!"

पण कुडकुडत होती बिचारी. मी पटकन शालीच्या चारही कोपऱ्यांना पट्ट्या चिकटवल्या. शाल गप्प बसली.

"रॉडनी, तुझा नंबर!" क्लबचा सेक्रेटरी ट्रेव्हर ओरडला. "की वहिनींना सोडवत नाही?"

मी धावलो. बॅटऱ्या घातल्या, झाकण लावलं, बोट सोडली.

काय सुटली म्हणता! ट्रेव्हर रडारवर आकडे वाचत होता, "नव्वद! पंच्याण्णव! अठ्ठ्याण्णव... अरे, अरे, अरे!" बोटीने नाक वर केलं, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि धप्पकन पालथी पडली!

ज्याची बोट उलटते, त्यानेच क्लबच्या होडीतून वल्ही मारत जाऊन ती आणायची, अशी आमची रीत. घामाघूम होऊन परतलो, तर ग्लेनिसचा चेहरा एवढासा झालेला.

"मी यायलाच नको होतं रे."

"तुझा काय संबंध? नाकात शिसं नव्हतं! खिशातच..." मी खिसे चाचपले. रिकामे!

ट्रेव्हरने शालीचा कोपरा उचलून पाहिला. "वहिनी, हे काय?"

ग्लेनिसने पट्टीवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती खो खो हसायला लागली. "वेड्या! माझ्या गुडघ्यांपायी?"

मलाही हसू आवरेना. इतकी सुंदर ती मला कितीतरी दिवसांत दिसली नव्हती.

"पुढच्या रविवारी मी येणार," तिने जाहीर केलं. "आणि शिसं मीच चिकटवणार!"

तोवर ट्रेव्हरने फळ्यावर निकाल लिहून टाकला होता: रॉडनीची बोट, बाद. रॉडनीची शाल, वाऱ्यात उत्तम स्थिर!